पूर्ण भार पेलणारा प्रोसेसर मोकळा असताना का कोसळतो?

ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला प्रोसेसर स्थिर आहे की नाही, हे ठरवण्याची आमच्या पिढीची पद्धत अगदी सरळ होती. रात्री प्रोसेसरला सतत अवघड गणिते करायला लावणारा प्राइम९५ हा कार्यक्रम सुरू करून झोपायचे आणि सकाळी उठून पाहायचे. चाचणी चालू दिसली तर काम फत्ते. पडदा निळा पडलेला असेल किंवा पीसी हँग झालेला असेल तर व्होल्टेज किंचित वाढवायचे, नाहीतर वेग एक पायरी खाली आणायचा. जानेवारी २०११मध्ये आलेल्या इंटेलच्या कोअर आय५-२५००के या प्रोसेसरवर असंख्य हौशी मंडळींनी हात साफ करून घेतला तो याच पद्धतीने. त्याचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा बेस क्लॉक (पायाभूत घड्याळ) गुणिले ३३ हा गुणक. पीसीआय एक्स्प्रेस, साटा वगैरे जोडण्यांची घड्याळेही त्याच बेस क्लॉकला बांधलेली असल्यामुळे तो फारसा हलवता येत नसे, पण गुणक मोकळा होता. तो ४५ करायचा, व्होल्टेज थोडे चढवायचे, डब्यातून आलेल्या पंख्याऐवजी बरा हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारे साधन) बसवायचा आणि पुढची काही वर्षे त्या सेटिंगकडे ढुंकूनही पाहायचे नाही.

सध्या माझ्या टेबलाखाली असलेल्या एएमडी रायझेन ५ ५६००एक्सला ही पद्धत लावली, तर ती चक्क फसवते. नोव्हेंबर २०२०मध्ये बाजारात आलेला हा सहा कोअर (स्वतंत्र गणनाकेंद्रे) आणि बारा थ्रेडचा (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांचा) प्रोसेसर आहे. त्याचा मूळ वेग ३.७ गिगाहर्ट्झ आणि बूस्ट, म्हणजे गरजेपुरता गाठायचा कमाल वेग, ४.६ गिगाहर्ट्झ आहे. या दोन आकड्यांच्या मधले अंतर तो तापमान, वीज आणि करंट यांचा सतत हिशेब ठेवत स्वतःच कापतो. १९९८मध्ये सेलेरॉन ३००ए घेणाऱ्याला मदरबोर्डचा बस वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, की ३०० मेगाहर्ट्झच्या पैशात ४५० मेगाहर्ट्झ मिळत असत. तेवढी गंगाजळी आता चिपमध्ये शिल्लकच नसते, कारण ती कारखान्यातूनच वापरून झालेली असते. उरते ती थोडीशी जागा, आणि ती प्रत्येक कोअरमध्ये वेगवेगळी असते. तिच्यात जरा जास्त पाय पसरले, तर पीसी रात्रभर प्राइम९५ला पुरून उरतो आणि दुसऱ्या दिवशी ब्राउझरमध्ये वर्तमानपत्र वाचत असताना, कसलाही भार नसताना, पडदा एकदम काळा होऊन रीस्टार्ट होतो.

हे असे का होते, हे समजण्यासाठी प्रोसेसर चुकतो म्हणजे नेमके काय होते, ते आधी पाहावे लागेल. ४.६ गिगाहर्ट्झला घड्याळाचा एक ठोका सुमारे २१७ पिकोसेकंदांचा असतो. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा निर्वातात जेमतेम साडेसहा सेंटिमीटर जातो. त्या अवधीत संदेशाला ट्रान्झिस्टरांची एक साखळी ओलांडून पुढच्या साठवण-पेशीपर्यंत पोहोचायचे असते, आणि ठोका पडण्याच्या क्षणी तो तिथे पोहोचलेला नसेल तर पेशी चुकीची किंमत पकडून बसते. चिपमध्ये अशा असंख्य वाटा असतात आणि त्यांतली सर्वांत संथ वाट त्या कोअरच्या वेगाची मर्यादा ठरवते. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर लवकर पलटतात, आणि नेहमीच्या व्होल्टेजला चिप तापली की ते मंदावतात. ओव्हरक्लॉकिंगचे सारे शास्त्र या ओढाताणीत आहे. चुकीचा बिट कुठे जाऊन पडतो, हा मात्र नशिबाचा भाग झाला. तो एखाद्या पत्त्यात पडला तर पीसी तत्काळ कोसळतो. व्हिडिओच्या एका चौकटीतल्या रंगात पडला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि हिशेबाच्या फायलीत पडून तसाच जतन झाला, तर त्याचा पत्ता कधी लागेल हे सांगता येत नाही. कोसळणारा पीसी त्या मानाने प्रामाणिक म्हणायचा.

व्होल्टेज वाढवण्याची किंमतही हिशेबात धरली पाहिजे. चिप वापरत असलेली वीज वेगाच्या सम प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३.३ गिगाहर्ट्झला १.२ व्होल्टवर चालणारा प्रोसेसर ४.५ गिगाहर्ट्झला १.३५ व्होल्टवर नेला, तर वेग ३६ टक्क्यांनी वाढतो आणि वीज जवळजवळ पावणेदोन पट होते. गळतीची वीज त्यात धरलेलीच नाही. ही सगळी वीज उष्णता होऊन हीटसिंकमधून बाहेर पडायची असते. म्हणूनच ५६००एक्सवर सहाही कोअर एकाच वेगाला आणि एकाच व्होल्टेजला बांधून टाकण्याची जुनी रीत मला पटत नाही. तिच्यात रेंडरिंगसारख्या, सगळे कोअर एकदम वापरणाऱ्या कामात थोडा फायदा होतो खरा, पण एकट्या कोअरचा बूस्ट गमवावा लागतो, आणि दिवसभरातली बहुतेक कामे त्या एकट्या कोअरवरच चालतात.

या प्रोसेसरला योग्य रस्ता म्हणजे बायोसमधली (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधली) प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह ही एएमडीची सोय, आणि त्यातील कर्व्ह ऑप्टिमायझर. मूळ स्थितीत ५६००एक्सला तीन कुंपणे घातलेली असतात: सॉकेटला मिळणाऱ्या एकूण विजेची मर्यादा ७६ वॅट, दीर्घकाळ चालणाऱ्या करंटची ६० अँपिअर आणि क्षणिक करंटची ९० अँपिअर. ओव्हरड्राइव्हमध्ये ही कुंपणे मागे सरकवता येतात. मदरबोर्डचे स्वयंचलित सेटिंग त्यांना अवाच्या सवा मागे नेते. मी विजेची मर्यादा शंभर वॅटच्या जवळपास हाताने लिहितो, कारण त्यापुढे सहा कोअरच्या या चिपचा वेग नावापुरता वाढतो आणि तापमान मात्र भराभर चढते. कर्व्ह ऑप्टिमायझरचे काम याहून बारीक आहे. कोणत्या वेगाला किती व्होल्टेज लागेल, याची वक्ररेषा प्रत्येक कोअरला कारखान्यातून ठरवून मिळते. ती रेषा आपण कोअरनिहाय उणे ३० ते अधिक ३० अशा पायऱ्यांनी खाली किंवा वर सरकवू शकतो. एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची असते. उणे २० लिहिले, की त्या कोअरला ६० ते १०० मिलिव्होल्ट कमी मिळतात, चिप कमी तापते, कुंपणाच्या आत जागा मोकळी होते आणि बूस्टचे गणित त्या जागेचा उपयोग करून वेग वाढवते. व्होल्टेज घटवून वेग मिळवण्याचा हा उलटा प्रकार २५००केच्या काळात कोणी सांगितला असता, तर आम्ही हसलो असतो.

कोअर मोकळा असताना पीसी का पडतो, याचे उत्तर याच वक्ररेषेत आहे. सहाही कोअर पूर्ण भाराखाली असतात तेव्हा वीज आणि तापमान यांच्या मर्यादेमुळे त्यांचा वेग रेषेच्या मधल्या भागातच अडकतो. तिथे रेषा सपाट असते आणि हाताशी राखीव व्होल्टेज पुरेसे असते. ब्राउझर उघडताना किंवा फोल्डरमधली चित्रे पाहताना मात्र एकटा कोअर झोपेतून उठून क्षणार्धात ४.६ किंवा त्याच्याही वर जातो, आणि बायोसमध्ये कमाल वेगाला २०० मेगाहर्ट्झची जोड दिली असेल तर आणखी वर जाण्याचा प्रयत्न करतो. ते रेषेचे टोक आहे. तिथे चढ सर्वांत तीव्र आणि राखीव व्होल्टेज सर्वांत कमी असते, आणि आपण वजा केलेले १०० मिलिव्होल्ट नेमके तिथेच भोवतात. भरलेला ट्रक घाटात सावकाश चढतो. वळणावर भरधाव येतो तो रिकामा. सगळ्या कोअरवर चालवलेल्या प्राइम९५ने रात्रभर तपासला तो रेषेचा मधला भाग. टोकाला ती चाचणी एकदाही गेलेली नसते.

अशा रीस्टार्टनंतर पहिले काम म्हणजे विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टीम या विभागात डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाची, हार्डवेअरच्या चुकांची नोंद शोधणे. कोअरचीच चूक असेल तर तिथे १८ क्रमांकाची घटना सापडते. तिच्यात त्रुटीचा प्रकार बहुधा 'कॅश हायरार्की एरर' असा लिहिलेला असतो, आणि सर्वांत खाली असलेली ओळ सर्वांत उपयोगाची असते: 'प्रोसेसर एपीआयसी आयडी', म्हणजे चुकलेल्या थ्रेडचा क्रमांक. प्रत्येक कोअरचे दोन थ्रेड असल्यामुळे ५६००एक्समध्ये हे क्रमांक ० ते ११ असतात, आणि त्याला दोनाने भागून येणारा पूर्णांक म्हणजे दोषी कोअर. ४ किंवा ५ दिसला तर कोअर २, ९ दिसला तर कोअर ४, मोजणी शून्यापासून. म्हणजे सगळ्या कोअरची सेटिंग सैल करण्याची गरज नसते. त्या एकाच कोअरचे उणे २० उणे १५ करायचे आणि पुन्हा पाहायचे.

ही नोंद नसेल, तर दोष दुसरीकडे असण्याची शक्यता तपासली पाहिजे. ४१ क्रमांकाची 'कर्नल-पॉवर' ही नोंद पाहून अनेक जण ओव्हरक्लॉकिंगला दोष देतात, पण ती नोंद फक्त एवढेच सांगते, की मागच्या वेळी पीसी रीतसर बंद झाला नव्हता. आपल्याकडे दिवे गेल्यावर घरचा इन्व्हर्टर बॅटरीवर यायला जो क्षणभर वेळ लागतो, तेवढ्यातही पीसी रीस्टार्ट होऊ शकतो, आणि पंखा व दिवा जराही लुकलुकले नसतील तर माणूस व्होल्टेजच्या मागे लागतो. पीसीसाठी वेगळा यूपीएस असल्याखेरीज स्थिरतेची कोणतीही चाचणी ग्राह्य धरू नये, असे माझे ठाम मत आहे.

दोषी कोअर आपणहून उघडा पडण्याची वाट पाहण्यापेक्षा त्याला मुद्दाम टोकावर नेऊन तपासणे चांगले. त्यासाठी कोअरसायकलर नावाची एक स्क्रिप्ट मोफत मिळते. ती प्राइम९५चा एकच थ्रेड सुरू करते आणि काही काही मिनिटांनी तो एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहते. बाकीचे पाच कोअर मोकळे असल्यामुळे तपासला जाणारा कोअर पूर्ण बूस्टवर धावतो. इथे एक बारकावा आहे. एव्हीएक्स या जास्त आकडे एकदम हाताळणाऱ्या प्रोसेसर-सूचना वापरल्या तर कोअर जास्त तापतो आणि त्याचा वेग उतरतो. म्हणून या चाचणीसाठी जुन्या एसएसई सूचनाच ठेवाव्यात. उष्णता कमी, वेग जास्त, म्हणजे आपल्याला हवे ते टोक. एकेका कोअरवर स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा यावी म्हणून मी ती रात्रभर चालू ठेवतो. एका फेरीत निर्दोष ठरलेला कोअर पहाटेच्या फेरीत चुकला, असे सर्रास होते.

प्राइम९५ चूक ओळखतो कशी, हेही पाहण्यासारखे आहे. हा कार्यक्रम मुळात प्रचंड मोठ्या मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला आहे. अवाढव्य संख्यांचे गुणाकार तो दशांश अपूर्णांकांत, फूरिए रूपांतराच्या वाटेने करतो, पण शेवटी येणारे उत्तर पूर्णांकच असायला हवे. त्यामुळे मिळालेली किंमत जवळच्या पूर्णांकापासून किती दूर आहे, हे तो सतत मोजतो. थोडा फरक अपेक्षित असतो; तो ०.४च्या पलीकडे गेला तर कुठेतरी गणित चुकले आहे हे उघड होते. 'राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४' ही जी ओळ आपल्याला वैताग आणते, तिचा अर्थ असा, की पीसी कोसळला नाही, पडदा जागचा हलला नाही, तरीही कोअरने चुकीचे उत्तर दिले. अशी चूक एकदाच आली, म्हणून सोडून द्यावी असे सांगणारे लोक भेटतात. ज्यांच्या पीसीवर फक्त गेम आहेत त्यांनी ते खुशाल ऐकावे. मी घरातल्या फोटोंचा साठा आणि कार्यालयाचे काम त्याच डिस्कवर ठेवतो, त्यामुळे मला ते परवडत नाही.

कोअरनिहाय आकडे ठरवताना एक गोष्ट उफराटी वाटते. कारखान्याने ज्या कोअरना उत्तम ठरवलेले असते, तेच बहुधा उणे आकडा सर्वांत कमी सहन करतात. कारण सोपे आहे: तेवढ्याच वेगाला त्यांना मुळातच कमी व्होल्टेज नेमून दिलेले असते, आणि विंडोज हलकी कामे प्राधान्याने त्यांच्यावरच टाकत असल्यामुळे टोकावर सर्वाधिक वेळ तेच असतात. माझ्या चिपमध्ये दोन उत्तम कोअर उणे १०च्या आसपास अडतात, तर सर्वांत सामान्य ठरलेला कोअर उणे ३०वरही कुरकुर करत नाही. सगळ्या कोअरना सरसकट उणे ३० लिहून फुशारकी मारणाऱ्याने एकतर फार नशीबवान चिप घेतली आहे, किंवा पुरेशी तपासणी केलेली नाही.

पीसी न कोसळताही सेटिंग चुकीचे असू शकते, आणि हा भाग बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. व्होल्टेज फार खाली गेले, तर रायझेनमधील संरक्षक यंत्रणा घड्याळाचे ठोके ताणते. पडद्यावर वेग ४.७ दिसतो, प्रत्यक्षात काम त्याहून कमी होते. एचडब्ल्यूइन्फो या कार्यक्रमात 'इफेक्टिव्ह क्लॉक' असा वेगळा रकाना असतो. पूर्ण व्यस्त असलेल्या कोअरचा दाखवलेला वेग आणि हा आकडा यांत मोठी तफावत दिसली, तर आपण वेग वाढवलेला नाही, कमी केला आहे. सिनेबेंच या वेगचाचणीचे गुण आधीच्या सेटिंगपेक्षा घसरले तर तीही तीच खूण.

तपासणी कोणत्या ऋतूत केली, यालाही महत्त्व आहे. हीटसिंक चिपला खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनी वर ठेवतो. खोली १८ अंशांनी तापली, की चिपही जवळजवळ तेवढीच वर सरकते. नागपुरात जानेवारीच्या रात्री २० अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चाललेला प्रोसेसर मे महिन्याच्या दुपारी, बाहेर ४५ आणि खोलीत ३८ अंश असताना, ८८च्या आसपास पोहोचतो, आणि ५६००एक्सची कमाल मर्यादा ९५ अंशांची आहे. खोलीतला पाण्याचा कूलर कोरड्या हवेत खोलीचे तापमान चांगले उतरवतो. पावसाळ्याच्या तोंडावर हवेत दमटपणा आला की त्याचा उपयोग संपतो. गंमत अशी, की टोकाच्या चाचणीसाठी थंडीही तितकीच आवश्यक असते, कारण थंड कोअर जास्त वर बूस्ट करतो आणि उन्हाळ्यात कधीच न गाठलेला वेग गाठून चुकतो. म्हणून माझे आकडे डिसेंबरमधील कोअरसायकलर आणि मे महिन्यातील संपूर्ण भाराची चाचणी, अशा दोन्हींतून पार पडल्यावरच पक्के होतात.

हे सारे सुरू करण्याआधी रॅमचा निकाल लावून घ्यावा. ५६००एक्सला अधिकृतपणे डीडीआर४-३२०० मान्य आहे. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमसोबत येणारे जास्त वेगाचे तयार सेटिंग) चालू करून रॅम ३६००वर चालवणे हेही ओव्हरक्लॉकिंगच असते, मग ते सेटिंग रॅमच्या पाकिटावर छापलेले का असेना. ३६००ला (एका ठोक्यात दोन देवाणघेवाणी होत असल्यामुळे रॅमचे घड्याळ १८००चे असते) प्रोसेसरच्या आतील भागांना जोडणारे इन्फिनिटी फॅब्रिक १८०० मेगाहर्ट्झला रॅमशी समान गतीने चालते आणि बहुतेक चिपना ते झेपते. फॅब्रिक १९००ला नेले, की अनेक चिपवर १९ क्रमांकाच्या, म्हणजे दुरुस्त करून घेतलेल्या चुकांच्या नोंदी लॉगरमध्ये साचू लागतात. प्रोसेसर मूळ स्थितीत ठेवून मेमटेस्ट८६ किंवा टेस्टमेम५ने रॅम तपासून घेतली नाही, तर पुढे येणारी प्रत्येक चूक कोअरची की रॅमची, हे कळायला मार्ग राहत नाही.

जास्तीच्या व्होल्टेजचे परिणाम लगेच दिसत नाहीत, हा त्यातला धोका. धातूच्या सूक्ष्म तारांमधून वाहणारे इलेक्ट्रॉन कालांतराने अणूंनाच जागचे हलवतात; करंटची घनता आणि तापमान यांवर तारेचे आयुष्य कसे अवलंबून असते, याचे जेम्स ब्लॅक यांनी १९६९मध्ये मांडलेले समीकरण आजही वापरले जाते. २०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर, कोणीही ओव्हरक्लॉक केलेले नसताना, अस्थिर होऊ लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचे कंपनीने मान्य केले, मायक्रोकोडमध्ये (प्रोसेसरच्या आतील आज्ञावलीत) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली; पण आधीच झिजलेल्या चिप त्या दुरुस्तीने बऱ्या झाल्या नाहीत. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये आपण व्होल्टेज कमी करतो, हा या दृष्टीने मोठाच फायदा आहे. तरीही कोअरची गरज वयानुसार किंचित वाढते, म्हणून जिथे चूक थांबली त्या आकड्यावर न थांबता मी आणखी तीन-चार पायऱ्या मागे येतो.

बायोस अपडेट केल्यावर हे सगळे आकडे पुसले जातात, आणि जुन्या आवृत्तीत जतन केलेली प्रोफाइल नवी आवृत्ती बहुधा स्वीकारत नाही. त्यामुळे अपडेटपूर्वी मी बायोसच्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर फोटो काढून ठेवतो. आकडे पुन्हा लिहिले म्हणजे मात्र भागत नाही. मदरबोर्ड कंपन्या अपडेटमधून एएमडीचा प्रोसेसर सुरू करणारा जो नवा एजेसा कोड देतात, त्यात बूस्टचे वर्तन बदललेले असू शकते, आणि आधी निर्धास्त असलेला कोअर टोकावर पुन्हा चुकू शकतो. आकडे भरून झाले, की रॅमची एक चाचणी करायची आणि रात्री कोअरसायकलर पुन्हा कोअर ०पासून लावून द्यायचा.